संशोधनपत्रिका : प्रकाशनपद्धतींचा इतिहास

संशोधनपत्रिका : एखाद्या विद्याशाखेतील नवे संशोधन त्या विषयातील जाणकारांकडून तपासून घेऊन ठराविक कालांतराने प्रसिद्ध करणारे नियतकालिक. सर्वसाधारण मासिके वा साप्ताहिके यांहून ते दोन बाबतींत वेगळे ठरते. एक म्हणजे, त्यातील लेखकाला लेखाबद्दल मानधन मिळत नाही. त्याला विक्रीपेक्षा प्रसार व मान्यता यांची अपेक्षा असते. दुसरे असे, की त्याचा वाचकवर्ग बहुतांशी लेखकवर्गातूनच येतो. लेख तपासणारे परीक्षक व पुष्कळदा संपादकही विनामूल्य काम करतात. असे असले, तरी जुळणी, मुद्रण, कागद, टपालहशील, पत्रव्यवहार आणि अलीकडच्या काळात संगणकीय साठवण यांचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. हा खर्च संपादकाने, विद्वत्संस्थेने, वर्गणीदाराने, लेखकाने की शासनाने द्यावयाचा, यावरून संशोधनपत्रिकांच्या प्रकाशनपद्धती ठरतात. या पद्धतींचा सुमारे साडेतीन शतकांचा इतिहास पाहिला असता, खर्चाचा भार एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेल्याचे दिसते. प्रत्येक स्थित्यंतराबरोबर तो भार न पेलणारा कोणता ना कोणता वर्ग, कधी वाचक म्हणून तर कधी लेखक म्हणून, ज्ञानव्यवहाराच्या बाहेर राहिला. म्हणून प्रकाशनपद्धतीचा प्रश्न हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही.

प्रारंभ : सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत यूरोपातील विद्वान आपले शोध खाजगी पत्रांतून वा स्वतंत्र ग्रंथांतून एकमेकांना कळवीत. ५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिस येथे डनी द सालो याने ‘झुर्नाल दे सावां’ हे नियतकालिक सुरू केले. त्यात नव्या ग्रंथांचे परिचय व विद्वज्जगतातील वार्ता असत. त्याच वर्षीच्या ६ मार्च रोजी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ निघाले. त्याचा संपादक हेन्‍री ओल्डेनबर्ग हा रॉयल सोसायटीचा चिटणीस होता. सोसायटीने या पत्रिकेला प्रकाशनाची अनुज्ञा दिली, परंतु पैसा दिला नाही. पत्रिका ही ओल्डेनबर्गची खाजगी उलाढाल होती आणि चिटणीसपदाला वेतन नसल्याने तीतून चरितार्थ चालावा, अशी त्याची अपेक्षा होती. ती फारशी सफल झाली नाही. लवकरच प्लेगची साथ व लंडनची आग यांमुळे पुस्तकविक्रीचा धंदा बसला आणि प्राप्ती अंदाजापेक्षा पुष्कळच कमी राहिली. म्हणजे संशोधनपत्रिकेच्या जन्माबरोबरच तिच्या अर्थव्यवहाराची अडचणही जन्मास आली. लाइपसिक येथून १६८२ मध्ये निघालेले ‘आक्ता एरूदितोरुम’ हे लॅटिन नियतकालिकही ओटो मेंके या संपादकाच्या पुढाकारावर उभे होते. संपादक खर्चाला व श्रमाला तयार असेपर्यंतच पत्रिका चाले. तो थकला वा वारला, की ती खंडित होई.

विद्वत्संस्थांची पद्धती : ओल्डेनबर्गच्या मृत्यूनंतर (१६७७) रॉयल सोसायटीच्या निरनिराळ्या चिटणिसांनी पत्रिका चालविली. १७५२ मध्ये सोसायटीने तिची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि लेखांच्या निवडीसाठी एक समिती नेमली. येथून विद्वत्संस्थांच्या प्रकाशनपद्धतीचा खरा आरंभ होतो. सभासदांच्या वर्गणीतून व देणग्यांतून खर्च भागवावयाचा, सभासदांना अंक विनामूल्य द्यावयाचा आणि इतर देशांतील संस्थांशी त्याचा विनिमय करावयाचा, असे या पद्धतीचे स्वरूप होते. विक्री होई, पण तीवर पत्रिका अवलंबून नसे. पुढील दोन शतकांत बहुतेक काळ सोसायटीला या प्रकाशनात तूटच आली आणि ती संस्थेचे कर्तव्य म्हणून सोसली गेली. १८९५ पासून ब्रिटिश शासनाने शास्त्रीय प्रकाशनांसाठी वार्षिक अनुदानही सुरू केले. लेख छापण्यापूर्वी तज्ञांचे लेखी अभिप्राय घेण्याची प्रथा या सोसायटीत १८३० नंतरच्या दशकात रूढ झाली. आजच्या परीक्षणपद्धतीचे हे एक महत्त्वाचे मूळ होय.

विनिमयाची पद्धत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. एका संस्थेने आपल्या पत्रिकेचे अंक पाठवावयाचे व बदल्यात दुसरीचे घ्यावयाचे, यात पैशांची देवघेव नव्हती. त्यामुळे अल्प उत्पन्नाच्या संस्थेलाही स्वतःचे एक नियतकालिक चालविले, की इतर अनेकांनी आपले ग्रंथालय समृद्ध करता येई. भारतातील जुन्या संस्थांच्या ग्रंथालयांतील परदेशी नियतकालिकांचे कितीतरी संच याच मार्गाने जमलेले आहेत.

भारतातील आरंभ : भारतात ही परंपरा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपासून (स्थापना १७८४) सुरू झाली. तिच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’चा पहिला खंड १७८८ मध्ये निघाला. संस्थेजवळ पुरेसा पैसा नसल्यामुळे मुद्रकाने स्वतःच्या जोखमीवर तो छापावा व सभासदांनी प्रती विकत घेण्याची हमी द्यावी, अशी तोड काढण्यात आली. मुंबईत सर जेम्स मॅकिंटॉश याने १८०४ मध्ये स्थापिलेल्या लिटररी सोसायटीने १८१९ ते १८२३ या काळात आपल्या निबंधांचे तीन खंड प्रसिद्ध केले. पुढे ती रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली आणि १८४१ पासून तिचे स्वतंत्र नियतकालिक निघू लागले. या संस्थांचे सभासदत्व व लेखन प्रारंभी यूरोपीयांपुरते मर्यादित होते. खर्च सभासदांचा असल्याने वाचनाचा हक्कही सभासदांचाच, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

जेम्स बर्जेस याने १८७२ मध्ये मुंबईहून सुरू केलेले ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे मात्र कोणत्याही संस्थेचे मुखपत्र नव्हते. पुरातत्त्व, कोरीव लेख, भाषा, लोककथा यांना वाहिलेले हे मासिक वर्गणीदारांवर आणि संपादकाच्या चिकाटीवर चालले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या भारतीय विद्वानांचे लेखन त्यातून यूरोपपर्यंत पोहोचले. मराठीत ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) या मासिकाने साहित्याबरोबर संशोधनपर लेखनालाही स्थान दिले. पुण्याच्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने (१८७८) तर जुनी काव्ये व ऐतिहासिक कागदपत्रे क्रमशः छापण्याचे काम अंगावर घेतले. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांचे श्रम आणि वर्गणीदारांची अल्पशी वर्गणी, एवढेच त्याचे भांडवल होते. ते मासिक बंद पडले, तेव्हा त्या कामाला संस्थेचा आधार हवा, ही जाणीव मागे राहिली.

विसाव्या शतकात असा आधार उभा राहिला. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ व १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. मंडळाने प्रथम इतिवृत्ते व संमेलनवृत्ते आणि पुढे त्रैमासिक प्रसिद्ध केले. मंदिराच्या ‘ॲनल्स’चा प्रारंभ १९१९ मध्ये झाला. सभासदवर्गणी, संस्थानिकांच्या व धनिकांच्या देणग्या आणि काही शासकीय अनुदान यांवर ही नियतकालिके चालली. मंडळाच्या सभांत निबंध वाचणाऱ्यांत शाळामास्तर, वकील, कारकून यांचा भरणा असे. लेखकाकडून शुल्क घेण्याचा प्रश्नच नव्हता. एखादे दप्तर धुंडाळून मजकूर आणणे, हीच त्याची वर्गणी मानली जाई. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी कोणत्याही विद्यापीठाचा आश्रय नसताना ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. त्यांचे व त्यांच्या परंपरेतील संशोधकांचे कार्य या खुल्या वातावरणातच शक्य झाले.

विज्ञानक्षेत्रात ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ (१९२६), ‘करंट सायन्स’ (१९३२) व इंडियन ॲकॅडेमी ऑफ सायन्सेसचे ‘प्रोसीडिंग्ज’ (१९३४) ही नियतकालिके याच पद्धतीची होत. चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा प्रकाशाच्या प्रकीर्णनासंबंधीचा शोध १९२८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या सुट्या प्रती तातडीने परदेशी शास्त्रज्ञांना पाठविण्यात आल्या. आपले नियतकालिक हाती असल्यामुळे प्रसिद्धीसाठी परदेशी संपादकाची वाट पाहावी लागली नाही. संस्थेच्या मालकीच्या पत्रिकेचे मोल यावरून ध्यानात येते.

विद्यापीठे व लेखक-शुल्क : अमेरिकेत विद्वत्संस्थांच्या जोडीला विद्यापीठे पुढे आली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’ १८७८ मध्ये सुरू केले. कॉर्नेल विद्यापीठात १८९३ मध्ये निघालेले ‘फिजिकल रिव्ह्यू’ १९१३ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीकडे आले. संशोधन झपाट्याने वाढू लागताच पृष्ठसंख्याही वाढली आणि केवळ सभासदांच्या वर्गणीवर ती पेलेना. तेव्हा १९३० च्या सुमारास छापलेल्या प्रत्येक पृष्ठामागे लेखकाच्या संस्थेकडून काही आकार घेण्याची प्रथा भौतिकीच्या नियतकालिकांत सुरू झाली. हा आकार ऐच्छिक स्वरूपाचा असे. लेख स्वीकारताना त्याचा विचार होत नसे आणि तो न देणाऱ्याचा लेख फार तर काही काळ मागे पडे. प्रसिद्धी हाही संशोधनाचाच एक भाग आहे, तेव्हा जो संशोधनाचा खर्च देतो त्याने प्रसिद्धीचाही द्यावा, असे तिचे समर्थन होते. सत्तर वर्षांनी हाच युक्तिवाद फार मोठ्या प्रमाणावर पुढे आला.

व्यापारी प्रकाशन : व्यापारी प्रकाशकांनी काढलेली संशोधनपत्रिका ही विसाव्या शतकाची निर्मिती नव्हे. अलेक्झांडर टिलक याचे ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’ १७९८ मध्ये निघाले. जर्मनीत तर एकोणिसाव्या शतकातील अनेक प्रमुख पत्रिका व्यापारी प्रकाशकांच्याच होत्या. लंडनच्या मॅकमिलन कंपनीने ४ नोव्हेंबर १८६९ रोजी नॉर्मन लॉकयर याच्या संपादकत्वाखाली ‘नेचर’ सुरू केले आणि सुमारे तीन दशके त्यातील तूट सोसली. तथापि तोवर हा व्यवसाय प्रतिष्ठेचा असला, तरी विशेष किफायतीचा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्थिती पालटली. शासनांनी संशोधनावर अपूर्व प्रमाणात पैसा खर्च करण्यास सुरुवात केली, नवी विद्यापीठे निघाली व नव्या उपशाखा उदयास आल्या. जुन्या संस्थांची नियतकालिके एवढा मजकूर सामावून घेण्यास असमर्थ होती. लेख प्रसिद्ध होण्यास विलंब लागू लागला. ही पोकळी व्यापारी प्रकाशकांनी हेरली. रॉबर्ट मॅक्सवेल याने १९५१ मध्ये एक लहानशी प्रकाशनसंस्था घेऊन तिला पर्गमॉन प्रेस हे नाव दिले. प्रत्येक नव्या उपशाखेतील नामवंत शास्त्रज्ञाला संपादकपद देऊन स्वतंत्र आंतरराष्ट्रीय नियतकालिक काढावयाचे, असे त्याचे धोरण होते. १९९१ मध्ये ही संस्था ४४ कोटी पौंडांना एल्झेव्हिअर या डच कंपनीला विकली गेली, तेव्हा तिच्याकडे सुमारे ४०० नियतकालिके होती.

या व्यवसायाच्या किफायतीचे मर्म असे, की एका संशोधनपत्रिकेची जागा दुसरी घेऊ शकत नाही. एका दुकानातील धान्य महाग झाले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. परंतु एका पत्रिकेत छापलेला शोध दुसरीत सापडत नाही. दोन्ही घेणे ग्रंथालयाला भाग पडते. शिवाय पत्रिका मागणारा अध्यापक वेगळा व पैसे देणारे ग्रंथालय वेगळे असल्याने किंमत वाढली, तरी मागणी घटत नाही. कच्चा माल म्हणजे लेख विनामूल्य मिळतो, त्याची पारख परीक्षक विनामूल्य करतात आणि वर्गणी वर्षारंभीच आगाऊ जमा होते. लेख स्वीकारताना त्याचे प्रताधिकार प्रकाशकाच्या नावे करून घेतले जात, त्यामुळे स्वतःच्या लेखावरही लेखकाची सत्ता उरत नसे. १९६४ मध्ये यूजीन गारफील्ड याची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही निर्देशसूची प्रसिद्ध होऊ लागली. कोणत्या लेखाचा हवाला किती जणांनी दिला, हे तीवरून कळू लागले. तिच्या आधारे पत्रिकांचे प्रभावांक काढण्यात येऊ लागले आणि वरच्या अंकाच्या पत्रिकेत लेख येणे, हे नेमणुकीचे व बढतीचे गमक होऊन बसले. परिणामी प्रतिष्ठित पत्रिका सोडणे लेखकाला व ग्रंथालयाला सारखेच अवघड झाले.

नियतकालिकांची दरवाढ : १९७० नंतर, विशेषतः १९८० ते २००० या काळात, वर्गण्या सर्वसाधारण महागाईच्या कितीतरी पट वेगाने वाढल्या. यूरोप-अमेरिकेतील ग्रंथालयांनी प्रथम ग्रंथखरेदी आखडती घेतली व नंतर पत्रिकाही बंद केल्या. एक ग्रंथालय गळाले, की उरलेल्यांची वर्गणी वाढे आणि त्यामुळे आणखी काही गळत. भारतात या दरवाढीला चलनाच्या अवमूल्यनाची जोड मिळाली. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४·७६ रुपयांवरून ७·५० रुपयांवर गेला, म्हणजे परदेशी नियतकालिके एका दिवसात दीडपटीहून अधिक महाग झाली. जुलै १९९१ मधील अवमूल्यनाने पुन्हा तोच फटका दिला. अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील संच अशा वर्षांपाशी तुटलेले आढळतात. परदेशी लेखकाला पत्र लिहून लेखाची सुटी प्रत मागविणे, हा त्या काळातील भारतीय संशोधकाचा नित्याचा उपाय होता.

याच काळात वर्गणीवर चालूनही सामान्य वाचकाच्या आवाक्यात राहिलेली उदाहरणे भारतात आहेत. सचिन चौधरी यांनी मुंबईत १९४९ मध्ये सुरू केलेल्या ‘इकॉनॉमिक वीकली’ची परंपरा १९६६ पासून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने चालविली. समीक्षा ट्रस्ट या विश्वस्त संस्थेकडे मालकी असल्याने नफा हा त्याचा हेतू राहिला नाही. वर्गणी घेणारी प्रत्येक पत्रिका महागच असते असे नाही. मालकी कोणाची व नफा कोठे जातो, हे अधिक निर्णायक ठरते, असे या उदाहरणावरून दिसते.

संगणकयुग व मुक्त उपलब्धता : पॉल गिन्सपार्ग याने ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस येथे भौतिकीच्या मुद्रणपूर्व लेखांचा एक संगणकीय साठा सुरू केला. ‘आर्काइव्ह’ या नावाने तो पुढे विख्यात झाला. लेखकाने लेख तेथे ठेवावा व कोणीही तो विनामूल्य वाचावा, अशी त्याची साधी रचना होती. तज्ञांचे परीक्षण मात्र तेथे होत नाही, म्हणून पत्रिकांची गरज संपली नाही. महाजालामुळे एक अधिक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, तरी वर्गण्या उतरल्या नाहीत. उलट १९९६ पासून प्रकाशकांनी आपल्या सर्व पत्रिका एकगठ्ठा, अनेक वर्षांच्या कराराने देण्याची पद्धत सुरू केली. ग्रंथालयाला पत्रिका पुष्कळ मिळाल्या, परंतु नको त्या वगळण्याची मुभा गेली. तसेच छापील अंक वर्गणी थांबल्यावरही कपाटात राहत असे. संगणकीय अंक हा बव्हंशी केवळ वाचनाचा परवाना ठरला व करार संपताच तो हातचा जाऊ लागला.

या परिस्थितीत बूडापेस्ट येथे डिसेंबर २००१ मध्ये झालेल्या बैठकीनंतर १४ फेब्रुवारी २००२ रोजी एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. संशोधनपर लेख कोणालाही विनामूल्य व निर्बंधरहित वाचता यावेत, या तत्त्वाला ‘ओपन ॲक्सेस’ म्हणजे मुक्त उपलब्धता हे नाव त्याने रूढ केले. ते साधण्याचे तीन मुख्य मार्ग पुढे आले. पहिल्यात लेखक वर्गणीच्या पत्रिकेतील आपल्या लेखाची प्रत सार्वजनिक साठ्यात ठेवतो. दुसऱ्यात पत्रिका सर्वांना खुली असते व खर्च लेखकाकडून प्रक्रियाशुल्क म्हणून घेतला जातो. तिसऱ्यात लेखक व वाचक या दोघांकडूनही काही घेतले जात नाही आणि संस्था, विद्यापीठ वा शासन खर्च सोसते. या तीन मार्गांना व्यवहारात अनुक्रमे हरित, सुवर्ण व हीरक अशी नावे पडली आहेत.

लेखक-शुल्काचा मार्ग बायोमेड सेंट्रल (२०००) व पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स या संस्थांनी प्रशस्त केला. दुसऱ्या संस्थेचे ‘प्लॉस बायॉलॉजी’ हे पहिले नियतकालिक ऑक्टोबर २००३ मध्ये निघाले आणि त्याचे शुल्क १,५०० डॉलर होते. जुन्या व्यापारी प्रकाशकांनीही हा मार्ग लवकरच आत्मसात केला. २००४ पासून त्यांनी मिश्र पद्धती आणली. तीत पत्रिकेची वर्गणी चालूच राहते आणि जो लेखक शुल्क भरील, त्याचाच लेख खुला होतो. एकाच पत्रिकेसाठी एकच संस्था दोनदा पैसे देते, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. २०२१ च्या आरंभापासून ‘नेचर’ने मुक्त लेखासाठी ९,५०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेआठ लाख रुपयांच्या आसपास शुल्क ठेवले. श्रीमंत प्रयोगशाळेला हा खर्च अनुदानातून भागविता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील अध्यापकाला तो अशक्यप्राय आहे. पूर्वी त्याला वाचता येत नव्हते, आता वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी या पद्धतीची परिणती होऊ शकते. अत्यल्प उत्पन्नाच्या देशांतील लेखकांना प्रकाशक शुल्कमाफी देतात, परंतु भारत बहुधा त्या यादीत बसत नाही.

लेख स्वीकारला, की पैसे मिळतात, या व्यवस्थेतून दुसराही अनर्थ उद्भवला. परीक्षणाचे नुसते सोंग करून शुल्क उकळणाऱ्या पत्रिका सर्वत्र निघाल्या व भारतात त्यांचे पीक विशेष आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी लेखांना गुण ठेवले होते. त्यामुळे कशाही प्रकारे छापलेल्या लेखाला मागणी निर्माण झाली होती. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका वगळल्या. पुढे ‘केअर’ या नावाची नवी यादी सिद्ध करण्याचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील केंद्राकडे सोपविण्यात आले. २०१९ मध्ये निघालेली ही यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने बंद केली आणि पत्रिकांची पारख करण्याची जबाबदारी त्या त्या शिक्षणसंस्थेवर टाकली.

विनाशुल्क पद्धती : लेखक व वाचक दोघांनाही मोकळीक देणारी पद्धती लॅटिन अमेरिकेत विशेष रुजली. ब्राझीलमध्ये १९९७ च्या सुमारास शासकीय संशोधननिधीच्या साह्याने ‘सायेलो’ हा प्रकल्प सुरू झाला. पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतील विद्यापीठीय पत्रिका त्याने एकत्र व खुल्या उपलब्ध करून दिल्या. देशी भाषांतील संशोधनाला व्यापारी बाजारपेठ नसते, म्हणून सार्वजनिक खर्चाने ते टिकविले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. भारतात इंडियन ॲकॅडेमी ऑफ सायन्सेस व वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद यांनी आपली नियतकालिके लेखक-शुल्क न घेता महाजालावर खुली केली. मुंबईत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेने वेगळाच मार्ग चोखाळला. किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’सारख्या पत्रिका तिने महाजालावर विनामूल्य ठेवल्या आणि खर्च छापील अंकांच्या वर्गणीतून व जाहिरातींतून भागविला. खुल्या प्रतीमुळे छापील वर्गणी बुडते, ही समजूत या अनुभवाने खोटी ठरली. २०११ मध्ये ही संस्था वोल्टर्स क्लूव्हर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली.

संपादकांनी व्यापारी प्रकाशकाची साथ सोडून तीच पत्रिका नव्या नावाने काढण्याचे प्रयोगही झाले. एल्झेव्हिअरच्या ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानविषयक पत्रिकेच्या संपादकांनी २०१५ मध्ये एकत्रित राजीनामे देऊन ‘ग्लोसा’ ही खुली पत्रिका सुरू केली. पत्रिकेचे नाव प्रकाशकाच्या मालकीचे असले, तरी तिची प्रतिष्ठा संपादक-परीक्षकांच्या श्रमांवर उभी असते, हे अशा घटनांनी स्पष्ट झाले.

सामूहिक करार व राष्ट्रीय वर्गणी : २०१५ नंतर ग्रंथालयांनी संघटितपणे वाटाघाटी करण्यास सुरुवात केली. वाचन व प्रसिद्धी या दोहोंचा खर्च एकाच करारात बसविण्याची पद्धत जर्मनीने विली (२०१९) व स्प्रिंगर नेचर (२०२०) या प्रकाशकांशी केलेल्या करारांमुळे विशेष चर्चिली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्झेव्हिअरची वर्गणी थांबविली व दोन वर्षांनी आपल्या अटींवर नवा करार केला. यूरोपातील काही संशोधननिधी संस्थांनी सप्टेंबर २०१८ मध्ये ‘प्लॅन एस’ जाहीर करून आपल्या अनुदानातून झालेले संशोधन २०२१ पासून तत्काळ खुले असावे, असा दंडक घातला. ‘ॲन्युअल रिव्ह्यूज’ या ना-नफा संस्थेने वेगळी तोड काढली. पुरेशा ग्रंथालयांनी नेहमीची वर्गणी भरली, तर त्या वर्षाचा खंड सर्व जगाला खुला करावयाचा, असे तिचे सूत्र आहे. २०२३ मध्ये तिने ते आपल्या सर्व पत्रिकांना लागू केले.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद तीत असून ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षण व संशोधनसंस्थांना उपलब्ध करून देण्याचा तिचा उद्देश आहे. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला प्रथमच मोठ्या संस्थेच्या बरोबरीने वाचनाची सोय झाली, ही तिची मोठी जमेची बाजू होय. मात्र तीत खर्च शासनाचा असला, तरी मालकी व दरनिश्चिती बव्हंशी परदेशी प्रकाशकांकडेच राहते. या वर्गणीचा लाभ संस्थेतील व्यक्तीला मिळतो. संस्थेबाहेरचा निवृत्त अध्यापक, तालुक्यातील डॉक्टर वा खाजगी संशोधक तिच्या कक्षेत येत नाही. अशांपैकी अनेक जण ‘साय-हब’सारख्या अनधिकृत साठ्यांकडे वळले. २०११ मध्ये सुरू झालेल्या या साठ्याविरुद्ध काही प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

समालोचन : कोणतीही एक पद्धती सर्व विद्याशाखांना सारखी लागू पडत नाही. प्रयोगशाळेतील विज्ञानात संशोधनाचा खर्चच एवढा मोठा असतो, की प्रसिद्धीचा खर्च त्यात सामावतो. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान या विषयांत अनुदान थोडे व लेखक विखुरलेला असतो. तेथे लेखक-शुल्क हा जवळजवळ प्रवेशबंदीचा हुकूम ठरतो. मराठी संशोधनपत्रिकांपुरते पाहिले, तर त्या आजही प्रामुख्याने संस्था, वर्गणीदार व संपादकाचे अवेतन श्रम या जुन्याच पायावर उभ्या आहेत. वाचक व लेखक या दोघांनाही मुक्तद्वार ठेवण्याचे जे ध्येय आज ‘हीरक’ या नव्या नावाने सांगितले जाते, त्यापैकी लेखकाला मोकळीक देण्याचा भाग या पत्रिकांनी प्रथमपासून पाळला आहे. त्यांचे जुने खंड संगणकावर खुले करणे व चालू अंकांना नियमित अनुदान देणे, यांसाठी लागणारा खर्च राष्ट्रीय वर्गणीच्या तुलनेने अगदी अल्प आहे. विद्यापीठाच्या आश्रयाविना काम करणाऱ्या संशोधकांनी महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाचा पाया घातला. अशा संशोधकाला आज वाचता यावे आणि लिहिताही यावे, ही कोणत्याही प्रकाशनपद्धतीची कसोटी मानावयास हवी.